नुसता लाईट

शारदा व्हिडिओ शूटिंगच्या लोखंडी कपाटात एकशे बारा कॅसेटी होत्या आणि त्यातल्या एकीची चंद्रकांतला भीती वाटायची. बाकीच्या म्हणजे कासार आंबोलीपासून घोटावड्यापर्यंतची लग्नं, बारशी, दोन मिरवणुका आणि एका पिठाच्या गिरणीचं उद्घाटन. गेल्या पंधरा वर्षांत त्या कुणी मागितल्या नव्हत्या. तेव्हा लग्न लागलेल्यांची पोरं आता मोबाईलवर शूटिंग करत होती, आणि चंद्रकांतनेही धंदा गुंडाळून मागच्या दोन खोल्या हिंजवडीला कामाला जाणाऱ्या मुलांना भाड्याने दिल्या होत्या. ते कपाट एकदा भंगारात घाला, असं त्याची बायको शारदा दर दिवाळीला सांगायची. लोकांची लग्नं भंगारात घालू का, असं तो विचारायचा. कपाट जागेवर राहायचं.

मग एका मंगळवारी उत्कर्षा आली. पुण्यातल्या एका चित्रसंग्रहात ती काम करायची. जुनी रिळं, कॅसेटी गोळा करायच्या, साफ करायच्या, त्यात काय आहे ते लिहून ठेवायचं, असं ते काम. तिशीची मुलगी, बोलायला मोकळी, पण मुद्दा सोडायची नाही. चहा घेता घेता तिने सांगितलं की त्यांच्याकडे मुळशीतली साडेचारशे तासांची घरगुती चित्रणं जमली आहेत आणि ती सगळी तिने बसून पाहिली. कोण कोण दिसतं याची मोजदाद केली. बंगलेवाले दिसतात, जमीनजुमल्याची घरं दिसतात, त्यांचे पाहुणे, त्यांची कुत्रीसुद्धा दिसतात. कातकरी, ठाकर, धनगर जवळजवळ नाहीतच. जिथे आहेत तिथे नोंदीत नाव नाही. ‘मजूर’ लिहिलंय, नाहीतर ‘गर्दी’. उद्या कुणी हा संग्रह बघून मुळशीत कोण राहायचं ते ठरवलं तर ही माणसं इथे नव्हतीच असं निघेल. म्हणून ती आता वस्त्या-वस्त्यांवर जाऊन विचारत होती की तुमचं काही कुणाकडे आहे का.

“वरच्या कातकरवाडीत सगळे नाही म्हणाले,” ती म्हणाली. “फक्त धोंडाबाई म्हणाल्या, आमची फिलिम हाय की. चंदूदादाच्या कपाटात ठिवलीया. काका, आख्ख्या तालुक्यातलं हे पहिलं असेल.”

चंद्रकांतने अर्धा चहा तसाच खाली ठेवला. शारदाने आतून पाहिलं.

गोष्ट अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. गावातल्या एका मोठ्या घरी लग्न होतं. तो काळच असा होता की मांडवात देवाखालोखाल मान कॅमेरावाल्याचा. खांद्यावर तो जडशीळ कॅमेरा, वर भगभगता हॅलोजन, आणि त्याचा उजेड जिकडे वळेल तिकडे माणसं पदर नि टोप्या सावरायची. पण कॅसेट तीन तासांची, आणि यजमानांनी बजावलेलं असायचं की आमच्याच माणसांचं घे. आता मांडवात आलेला कुणी समोर येऊन नाचायला लागला आणि कॅमेरावाल्याने पाठ फिरवली तर तो रुसणार, कधी गचांडी धरणार. त्यावर मुळशीतल्या समस्त शूटिंगवाल्यांनी एक तोडगा काढला होता. कॅमेरा थांबवायचा, लाईट चालू ठेवायचा, आणि डोळा लावून उभं राहायचं. नाचणारा खूश, यजमान खूश, कॅसेट शिल्लक. याला ते ‘नुसता लाईट’ म्हणायचे आणि आपसांत हसायचे. चंद्रकांतही हसलेला होता. ते नाकारण्यात अर्थ नाही.

हळदीच्या संध्याकाळी त्या घरी राबणारी कातकरवाडीची माणसं अंगणात आली आणि त्यांनी ढोलकीवर फेर धरला. मध्ये धोंडाबाईची मुलगी सोमी होती, सोळा वर्षांची. चंद्रकांतने यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी मान हलवली, नाही म्हणून. मग त्याने बोटाने बटण दाबलं आणि दहा मिनिटं नुसता लाईट मारला.

पुढच्याच पावसाळ्यात सोमी तापाने गेली. पौडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिचा फोटो नव्हता. शाळेच्या पटावर नाव नव्हतं, रेशनकार्डावर नव्हतं, कुठल्याच कागदावर नव्हतं. धोंडाबाईचा स्वतःचा पहिला फोटो निघाला तो आधार कार्डाचा, साठी उलटल्यावर. सोमी गेल्यावर महिन्याभराने धोंडाबाई चंद्रकांतच्या दारात येऊन उभी राहिली. दादा, तुमच्या फिलिममदी माझी सोमी हाय ना, एवढंच तिने विचारलं. दारात उभ्या राहिलेल्या त्या बाईला काय सांगायचं? चंद्रकांत म्हणाला, हाय. जपून ठेवलीय. मशीन बिघडलंय, नीट झालं की दाखवीन.

मशीन अठ्ठावीस वर्षं बिघडलेलं राहिलं. आणि धोंडाबाई दर आषाढात ओढ्यातले खेकडे पानात बांधून आणून द्यायची. माझी पोर तुमच्या घरी हाय, म्हणायची. शारदा त्याचं झणझणीत कालवण करायची. चंद्रकांतला ते आवडायचं हेच तर वाईट होतं.

हे सगळं उत्कर्षाला त्याच मंगळवारी सांगता आलं असतं. चंद्रकांतने सांगितलं नाही. तो म्हणाला, कॅसेटला बुरशी आलीय. बुरशी आम्ही रोज काढतो, ती म्हणाली. तो म्हणाला, शोधावी लागेल. तिने कपाटाकडे पाहिलं. प्रत्येक कॅसेटीच्या पाठीवर त्याच्याच सुवाच्य अक्षरात नाव, गाव, तारीख होती. शोधायला काय लागणार होतं? शेवटी त्याने ती कॅसेट काढून दिली आणि ती जाताना पाहत ओट्यावर बसून राहिला.

शुक्रवारी तिचा फोन आला. कॅसेट साफ झाली होती आणि लग्न सुरेख दिसत होतं. पण हळदीत एका ठिकाणी चित्र तुटतं, ढोलकीचा नुसता एक ठोका ऐकू येतो आणि थेट जेवणाची पंगत येते. मधलं दुसऱ्या कॅसेटमध्ये आहे का, तिने विचारलं.

“व्हय,” चंद्रकांत म्हणाला. “दुसरी हाय. बघतो.”

तोंडातून निघालं ते निघालं. मग रविवारीच वाडीवर दाखवू, असं ती म्हणाली. अंगणवाडीच्या खोलीत पडदा बांधायचा. तिथे ती मशीनच घेऊन येणार होती, म्हणजे दुसरी कॅसेट थेट लावता येईल. धोंडाबाईंनी घोटावड्याच्या नातेवाइकांनाही सांगावा धाडलाय, असं तिने आनंदाने सांगितलं. फोन ठेवून चंद्रकांत कपाटापाशी गेला.

शनिवारी दुपारी शारदा भुकूमला भाचीकडे गेली. चंद्रकांतने कपाटाच्या तळातून एक कोरी कॅसेट काढली. जुन्या लेबलांचा कागद होता, जुनं निळं पेनही सापडलं. त्याने नीट बसून लिहिलं, ‘हळद, भाग दोन, कातकरी नाच’. अक्षर हुबेहूब आलं. त्यावर त्याने बोटाने थोडी धूळ चोळली. बेत सोपा होता. कॅसेट लावायची, पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतील, आणि मग हळहळ करायची की इतक्या वर्षांत पुसली गेली. यंत्राचा दोष. कुणी कुणाला काही म्हणणार नाही. म्हातारी रडेल, पण ती तशीही रडतेच आहे. एवढा विचार करून तो उठला आणि मोरीत जाऊन त्याने साबणाने हात धुतले.

रात्री शारदाने जेवताना विचारलं की बरं नाही का. तो बरं आहे म्हणाला. उद्या मी पण येते, ती म्हणाली. इतकी वर्षं तिचे खेकडे खाल्ले, पोर तरी बघीन. तुझे गुडघे दुखतात, वर चढ आहे, असं काहीबाही सांगून त्याने तिला अडवलं.

रविवारी उत्कर्षा त्याला आपल्या गाडीतून घेऊन गेली. रस्ता संपला तिथून दहा मिनिटांचा चढ होता. त्याच्या खांद्याला पिशवी, पिशवीत ती कॅसेट. वाटेत दोनदा त्याने तोंड उघडलं. पहिल्यांदा उत्कर्षाला फोन आला. दुसऱ्यांदा तिनेच विचारलं, काका, सोमीचं पूर्ण नाव काय लिहायचं, आणि तो म्हणाला, तिच्या आईला विचार.

अंगणवाडीची खोली गच्च भरली होती. खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला होता. पांढरी चादर भिंतीवर ताणली होती. पोरं पुढे, बायका मध्ये, पुरुष दाराशी. धोंडाबाई सगळ्यांत पुढे, नव्या पातळात, डोक्याला तेल लावून बसली होती. आपलीच लग्नतिथी असावी तशी ती सजली होती. तिचा धाकटा मुलगा शंभू घोटावड्याच्या कारखान्यात होता, तो पाळी बदलून आला होता. त्याने चंद्रकांतला बसायला खुर्ची आणून दिली. सगळ्या खोलीत ती एकच खुर्ची होती.

उत्कर्षाने आधी साफ केलेली लग्नाची कॅसेट लावली. मांडव, पाहुणे, नवरामुलगा. वाडीतली माणसं गप्प बसून परक्यांचं लग्न पाहत होती. त्यात कुठे मागे पाण्याची घागर घेऊन जाणारी एक बाई दिसली तशी कुणीतरी म्हणालं, ती माझी आजी. पण तोवर ती चित्राच्या बाहेर गेलेली होती. मग हळद आली. ढोलकीचा एक ठोका, आणि पंगत.

“आता दुसरी,” उत्कर्षा म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

चंद्रकांतने पिशवीत हात घातला. कॅसेट काढली. पण उत्कर्षाच्या हातात जायच्या आत ती धोंडाबाईने घेतली. तिने ती उलटीपालटी केली, पदराने पुसली, त्याने मुद्दाम चोळलेली धूळ पुसून टाकली, आणि मांडीवर ठेवली. मग तिने त्या काळ्या प्लॅस्टिकवरून हात फिरवला, आणि बाजूच्या बाईला म्हणाली की हितं हाय माझी सोमी.

चंद्रकांत खुर्चीतून उठला. त्याला वाटलं होतं की आपण वेळ आली की बोलू शकणार नाही. प्रत्यक्षात गप्प बसणंच जमेना.

“धोंडाबाई, ती लावू नको,” तो म्हणाला. “त्यात काय न्हाई. कोरी हाय ती. नाव काल मी लिवलंय.”

कुणाला काही कळलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं. हळदीच्या दिवशी यजमानांनी मान कशी हलवली, बटण कसं दाबलं, नुसता लाईट म्हणजे काय, सगळं. त्याच्या धंद्यातली ती युक्ती पहिल्यांदाच ज्यांच्यावर ती वापरली त्यांच्यासमोर उघडी पडत होती. सांगताना ती फार छोटी आणि फार घाण वाटत होती. आपण फसवलं, असंही तो म्हणाला. उत्कर्षा यंत्रापाशी तशीच उभी होती, हात पुढे केलेला.

शंभू दारातून पुढे आला. तो ओरडला नाही, ते जास्त भीतिदायक होतं.

“अठ्ठावीस वर्सं तुमी माझ्या आईचं खेकडं खाल्लं,” तो म्हणाला. “पायाला जळवा लागायच्या तिच्या. मी बघितल्यात.”

चंद्रकांतने मान खाली घातली. मागून एक-दोन पुरुष उठले. दार त्यांच्यापलीकडे होतं. आता आपल्याला इथून कुणी धड जाऊ देणार नाही, असं त्याला वाटलं, आणि त्यात काही चूक आहे असंही वाटलं नाही. पण धोंडाबाईने हात वर केला तसा शंभू थांबला.

तिने मांडीवरची कॅसेट उचलली. मग तिने ती बाजूला जमिनीवर ठेवली.

“लाईट तर होता,” ती म्हणाली. “डोळा लावून उभं होतं तुमी. मी बघत होते. म्हंजी तुमी तरी बघितलंय तिला.”

“बघितलंय.”

“लुगडं कंच्या रंगाचं होतं?”

खोलीतल्या सगळ्यांचे डोळे चंद्रकांतवर होते. सांगून टाकावं, हिरवं. सोळा वर्षांच्या पोरीला हिरवं असायचंच. बरोबर आलं तर म्हातारी सुखावेल, हे सगळं कदाचित इथेच निभावेल. शब्द अगदी ओठांवर आला होता.

“मला ठावं न्हाई,” तो म्हणाला. “त्या कॅमेऱ्याला डोळा लावला की आमाला समदं काळं-पांढरंच दिसायचं. रंग दिसत नव्हता. हसताना तोंडावर हात धरत होती, येवढं आठवतंय. डावा हात. आन् एकदा लाईटकडं बघून थांबली, डोळं दिपलं म्हणून. मग परत फेरात गेली. बाकी मी बघितलं न्हाई, धोंडाबाई. कॅसेट किती उरली ते बघत होतो.”

धोंडाबाईने डोळे मिटले. डावा हात, ती म्हणाली. पुढचा एक दात तुटला होता सोमीचा, करवंदं काढताना पडली होती तेव्हा. म्हणून ती हात धरायची. हे वाडीतल्या नव्या माणसांना माहीत नव्हतं. शंभूलाही आठवत नव्हतं, तो तेव्हा दहा वर्षांचा होता. तो खाली बसला, भिंतीला टेकून, आणि त्याने तोंड गुडघ्यांत घातलं.

उत्कर्षाने हळूच विचारलं की काकांनी आता सांगितलं ते परत सांगितलं तर मी चित्रित करून ठेवू का, संग्रहात राहील. धोंडाबाईने मान डोलावली. मग चंद्रकांतला खुर्चीवर बसवलं, समोर छोटा कॅमेरा लावला, आणि जन्मभर कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच कळलं की समोर बसल्यावर हात कुठे ठेवावेत ते समजत नाही. त्याने परत सगळं सांगितलं. यजमानांची मान, बटण, डावा हात, दिपलेले डोळे. चार मिनिटं झाली असतील.

“आता दावा,” धोंडाबाई म्हणाली.

उत्कर्षाने तेवढंच पडद्यावर लावलं. नुसत्या शब्दांवर विसंबायचे धोंडाबाईचे दिवस आता संपले होते. चादरीवर चंद्रकांतचा चेहरा आला, मोठा, घामेजलेला, पापण्या लवणारा. तो बोलत होता आणि धोंडाबाई ऐकत होती. संपलं तेव्हा तिने चादरीकडे बोट केलं.

“ह्यात बी तुमीच हायात,” ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. होतं ते तिने सांगितलं. पण उत्कर्षाने एकदम खाली पाहिलं. चंद्रकांतला इतक्या वेळात शंभूचं बोलणं झोंबलं नव्हतं एवढं हे झोंबलं.

तो खुर्चीतून उठला. धोंडाबाई त्या खुर्चीवर बसायला तयार नव्हती, ती जमिनीवरच पाठ ताठ करून बसली आणि तिने पदर नीट केला. उत्कर्षाने कॅमेरा खाली घेतला. खोलीत अंधार होता, चेहऱ्यावर उजेड पुरेना. तिने पिशवीतून तळहाताएवढा लाईट काढला आणि कुठे अडकवावा म्हणून इकडेतिकडे पाहू लागली.

“दादांच्या हातात द्या,” धोंडाबाई म्हणाली. “त्यांना येतं ते.”

कुणीतरी मागे हसलं. चंद्रकांतने लाईट घेतला. तो धोंडाबाईच्या समोर, कॅमेऱ्याच्या बाजूला उकिडवा बसला आणि उजेड तिच्या डोळ्यांवर न येता गालावर पडेल असा धरला. त्याचे गुडघे कुरकुरले. उत्कर्षाने फॉर्म काढून नावं विचारली. धोंडाबाईने आधी सोमीचं सांगितलं, सोमी भैरू वाघमारे, मग स्वतःचं. ‘चित्रणातील व्यक्ती’ या रकान्यात उत्कर्षाने दोन्ही त्याच क्रमाने लिहिली.

“फिरतंया का?” धोंडाबाईने विचारलं. ते तिने उत्कर्षाला विचारलं नव्हतं.

चंद्रकांत कॅमेऱ्यावर वाकला. लाल ठिपका होता. त्याशेजारी सेकंद सरकत होते. त्याने खात्री व्हावी म्हणून दहापर्यंत मोजले.

“फिरतंया, धोंडाबाई.”

“पिवळं होतं,” ती म्हणाली. “सोमीचं लुगडं पिवळं होतं. माझंच होतं, तिला म्या दिलं होतं त्या दिवसापुरतं.”

मग ती बोलत राहिली, तास दीड तास. चंद्रकांतचा हात भरून आला, खांद्यापर्यंत कळ गेली. शंभूने एकदा उठून लाईट धरायला हात पुढे केला. चंद्रकांतने मान हलवली, आणि तो लाईट तसाच धरून बसला.